नाडीची रेघ पाहणारा डॉक्टर

जिना चढताना छातीत कळ येते. माणूस जागच्या जागी थांबतो, खिशातली गोळी काढून जिभेखाली धरतो आणि थोड्याच वेळात कळ ओसरते. सॉर्बिट्रेटचे नाव न ऐकलेले घर आज क्वचितच सापडेल. या गोळीपासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो आणि तो रक्तवाहिन्यांना सैल करतो. मात्र हाच वायू जंतुसंसर्गाच्या भडक्यात शरीरानेच प्रमाणाबाहेर बनवला, तर साऱ्या रक्तवाहिन्या एकदम सैलावतात, रक्तदाब कोसळतो आणि रोगी अतिदक्षता विभागात पोहोचतो. संधिवातात आणि दम्यातही हा वायू वाढलेला आढळतो. म्हणून गेली तीन-साडेतीन दशके औषधशास्त्रज्ञ एकीकडे तो वाढवण्याच्या आणि दुसरीकडे तो आवरण्याच्या मागे लागले आहेत.

वाढवण्याची वाट ज्याने पहिल्यांदा दाखवली, तो डॉक्टर १९१६ मध्येच वारला. नायट्रिक ऑक्साइड शरीरात बनतो हे त्याच्या हयातीत कुणालाच ठाऊक नव्हते. त्याचे नाव सर थॉमस लॉडर ब्रंटन. त्याच्या आयुष्यातला एक गाजलेला प्रयोग निजामाच्या हैदराबादेत झाला. तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, त्याच राज्यात होते. औषधाचा गुण मोजताना काय पाहावे आणि काय निसटते, हे समजून घ्यायला ब्रंटन यांचे आयुष्य आजही उपयोगी पडते.

स्वतःवर औषध घेणारा विद्यार्थी

ब्रंटन यांचा जन्म १४ मार्च १८४४ रोजी स्कॉटलंडमधील रॉक्सबर्गशायर परगण्यात झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी फ्रान्समध्ये बालार नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने अमाइल नायट्राइट हा चटकन उडून जाणारा पिवळसर द्रव पहिल्यांदा तयार केला. बावीस-तेवीस वर्षांनी या दोघांची गाठ पडणार होती.

ब्रंटन एडिंबरा विद्यापीठात वैद्यक शिकले आणि १८६६ मध्ये पदवीधर झाले. त्या काळी औषधे बहुतेक रूढीने दिली जात. अमुक मुळी अमुक दुखण्यावर चालते, कारण गुरू ती देत आले होते. औषध शरीरात जाऊन नेमके काय करते, हा प्रश्न विचारणारी मंडळी थोडी होती. ब्रंटन त्यांतले एक. पदव्युत्तर प्रबंधासाठी त्यांनी डिजिटॅलिस हे हृदयाचे औषध निवडले आणि ते काही महिने स्वतः घेऊन त्याचे परिणाम नोंदवून ठेवले. त्या प्रबंधाला सुवर्णपदक मिळाले.

या शिक्षणातून त्यांना लागलेली सवय महत्त्वाची होती. रोग्याला बरे वाटले एवढ्यावर समाधान मानायचे नाही. शरीरात काय बदलले ते मोजायचे.

१८६७: कळ, नाडी आणि रुमालावरचे थेंब

पदवीनंतर ब्रंटन एडिंबराच्या रॉयल इन्फर्मरीत निवासी डॉक्टर झाले. तिथे त्यांच्या वॉर्डात अंजायनाचा, म्हणजे हृदयशूलाचा, एक तरुण रोगी होता. रात्री छातीत जीवघेणी कळ उठे. डिजिटॅलिस, अकोनाइट, ब्रँडी, ईथर, क्लोरोफॉर्म असे उपाय करून झाले, पण टिकाऊ गुण कशानेच येईना. एकच गोष्ट थोडाफार आराम देई, ती म्हणजे थोडे रक्त काढणे.

आजच्यासारखे दंडाला बांधायचे रक्तदाबाचे यंत्र तेव्हा नव्हते. होते ते स्फिग्मोग्राफ. मनगटावर बसवले की नाडीच्या ठोक्यांबरोबर त्याची काडी हले आणि कागदावर नाडीची रेघ उमटे. ब्रंटन कळ नसताना ही रेघ काढत आणि कळ उठली की पुन्हा काढत. दोन्ही रेघा शेजारी ठेवल्यावर त्यांना दिसले, की कळ वाढते तसा नाडीतला ताण वाढतो आणि कळ उतरली की तोही उतरतो. रक्त काढल्याने आराम का पडतो, याचा अर्थही त्यातून लागत होता. रक्त कमी झाले की ताण कमी होतो.

रक्त न काढता ताण उतरवता येईल का, हा पुढचा प्रश्न होता. उत्तर शेजारीच होते. अमाइल नायट्राइट हुंगले की चेहरा लाल होतो आणि मानेतल्या धमन्या धडधडू लागतात, हे गथ्री या रसायनशास्त्रज्ञाने १८५९ मध्येच नोंदवले होते. पुढे रिचर्डसन या डॉक्टरने त्यावर प्रयोग केले. ब्रंटन यांचे मित्र आर्थर गॅम्जी यांनीही प्राण्यांवर आणि माणसांवर पाहिले होते, की या द्रवाने धमन्यांतला ताण कमी होतो. ब्रंटन यांनी कळ उठलेली असताना त्या द्रवाचे काही थेंब कापडावर टाकून रोग्याला हुंगायला दिले. मिनिटभराच्या आत चेहरा लाल झाला, नाडीची रेघ बदलली आणि कळ थांबली.

२७ जुलै १८६७ रोजी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख छापून आला. लेखकाचे वय तेवीस. हृदयशूलावर खात्रीने चालणारे पहिले औषध वैद्यकाला मिळाले होते. पुढे काचेच्या नाजूक कुप्यांतून ते विकले जाऊ लागले. कळ आली की कुपी रुमालात फोडायची आणि हुंगायची.

ब्रंटन यांची उपपत्ती अर्धी बरोबर होती. आजच्या समजुतीप्रमाणे हे औषध धमन्यांबरोबर शिराही सैल करते, त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि हृदयाचे ओझे हलके होते. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्याही रुंदावतात. म्हणजे आराम केवळ धमन्यांतला ताण उतरल्याने पडत नव्हता. तरी त्यांचा निष्कर्ष टिकला, कारण तो एकट्या रेघेवर उभा नव्हता. रेघ बदलली आणि रोग्याची कळही थांबली, अशा दोन साक्षी त्यांच्याजवळ होत्या.

पुढे त्यांनी नायट्रोग्लिसरीनचीही चाचपणी केली, पण त्याने डोके असे ठणकले, की रोग्यांना ते देण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. ते श्रेय १८७९ मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांच्याकडे गेले. त्यांनी मात्रा फार कमी ठेवली आणि तेच औषध रोग्यांना मानवले.

नागाचे विष आणि औषधशास्त्राचे पुस्तक

एडिंबरानंतर ब्रंटन युरोपात हिंडून शिकले. जर्मनीतील लाइपझिग येथे कार्ल लुडविग यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी रक्तदाब मोजण्याचे शास्त्र आत्मसात केले. १८७० मध्ये ते लंडनला आले आणि लवकरच सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात औषधशास्त्र शिकवू लागले. १८७४ मध्ये, वयाच्या तिशीत, रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतले.

याच काळात त्यांचे लक्ष भारताकडे वळले. भारतात सेवा केलेले डॉक्टर जोसेफ फेयरर यांनी सापांवर मोठे काम केले होते. फेयरर आणि ब्रंटन यांनी मिळून नागाच्या विषाचा अभ्यास केला. विषाने आधी श्वासाचे स्नायू लुळे पडतात आणि मृत्यू प्रामुख्याने श्वास थांबल्याने येतो, हे त्यांनी दाखवले. भात्याने बाहेरून श्वास चालू ठेवला तर प्राण्याचे हृदय कितीतरी वेळ धडधडत राहते, हेही त्यांना दिसले. मराठवाड्यातल्या कोणत्याही सरकारी रुग्णालयात आज नाग चावलेल्या शेतकऱ्याला प्रतिविषाबरोबर व्हेंटिलेटरवर ठेवले जाते, त्यामागचे तत्त्व हेच.

१८८५ मध्ये त्यांचा औषधशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ निघाला. औषधांची यादी देण्याऐवजी औषध शरीरात काय करते, या पायावर रचलेले इंग्रजीतले हे सुरुवातीचे मोठे पुस्तक. ब्रंटन आता औषधांच्या क्रियेविषयी शब्द प्रमाण मानला जाणारा माणूस झाले होते. म्हणूनच हैदराबादचे काम त्यांच्याकडे आले.

निजामाचे हजार पौंड

क्लोरोफॉर्म ही त्या काळची लाडकी भूल होती. हाताळायला सोपी, पेट न घेणारी, लवकर चढणारी. पण अधूनमधून धडधाकट माणूस भूल चढता चढताच दगावे. कारणावरून दोन तट पडले होते. एकांचे म्हणणे, क्लोरोफॉर्म हृदयावर घाव घालते, म्हणून नाडीवर बोट ठेवा. दुसऱ्यांचे म्हणणे, आधी श्वास बंद पडतो, म्हणून फक्त श्वासाकडे पाहा.

हैदराबादच्या रेसिडेन्सीतले सर्जन एडवर्ड लॉरी दुसऱ्या तटाचे कट्टर सैनिक होते. हैदराबादच्या वैद्यकीय शाळेचेही ते प्रमुख होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने त्यांनी १८८८ मध्ये पहिले क्लोरोफॉर्म कमिशन नेमले. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि हृदयाला धोका नसल्याचा निष्कर्ष निघाला. ‘लॅन्सेट’ला तो पटला नाही. तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊ केले, ते अशासाठी की ‘लॅन्सेट’ने आपला माणूस पाठवावा आणि त्याच्या देखत प्रयोग पुन्हा व्हावेत. ‘लॅन्सेट’ने ब्रंटन यांची निवड केली.

१८८९ च्या ऑक्टोबरात ब्रंटन हैदराबादला पोहोचले. दुसऱ्या कमिशनात त्यांच्याबरोबर लॉरी, बॉमफर्ड आणि डॉ. रुस्तमजी हकीम होते. पुढच्या काही आठवड्यांत कुत्री, माकडे, शेळ्या, घोडे, मांजरे, ससे अशा शेकडो प्राण्यांवर क्लोरोफॉर्म वापरले गेले. त्यांतल्या शंभराहून अधिक प्राण्यांच्या रक्तदाबाची रेघ यंत्राने कागदावर उतरवून घेतली. ब्रंटन येताना हृदयाला धोका आहे असे मानणाऱ्यांत होते. पण प्रयोगामागून प्रयोग तेच दाखवत गेला. आधी रक्तदाब सावकाश उतरतो, मग श्वास थांबतो आणि हृदय त्यानंतर. ब्रंटन यांनी आपले मत बदलले आणि तसे तारेने लंडनला कळवले. १८९० मध्ये ‘लॅन्सेट’ने सविस्तर अहवाल छापला. निजामाच्या राज्यातले संशोधन साऱ्या जगाच्या वैद्यकीय चर्चेत आले.

पुराव्यापुढे मत बदलणे ही मोठी गोष्ट. परंतु पुरावाच अपुरा असेल तर? अहवाल निघाल्यावरही शस्त्रक्रियेच्या टेबलावर माणसे पूर्वीसारखीच दगावत राहिली. १९११ मध्ये गुडमन लेव्ही या इंग्लिश डॉक्टरने मांजरांवरच्या प्रयोगांतून कोडे सोडवले. क्लोरोफॉर्म कमी प्रमाणात दिलेले आहे, भूल अर्धवट आहे आणि अशा वेळी रक्तात ॲड्रेनॅलिन वाढले, तर हृदयाचे ठोके विस्कटतात. हृदय नुसते थरथरत राहते आणि क्षणात मृत्यू येतो. घाबरलेला, धडपडणारा, अर्धवट गुंगीतला माणूस नेमका याच अवस्थेत असतो. हैदराबादच्या प्रयोगांचा सारा भर जास्त मात्रेवर होता. तिथल्या रेघा खोट्या नव्हत्या. त्या रेघांना विचारलेला प्रश्न मात्र शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या माणसाचा नव्हता.

या अहवालाचा एक चांगला परिणामही झाला. भूल देताना श्वासाकडे सतत लक्ष ठेवण्याची शिस्त पक्की झाली. पण नाडीकडे पाहण्याची गरज नाही, हा त्यातला भाग माणसांच्या जिवावर बेतणारा होता.

अखेरची वर्षे

ब्रंटन यांना १९०० मध्ये ‘सर’ ही पदवी मिळाली आणि १९०८ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरेने चालणारा किताब मिळाला. १९०२ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक छोटे टिपण लिहिले. संधिज्वराच्या दाहामुळे हृदयाची माइट्रल झडप आक्रसते. अशा रोग्यांना औषधांनी फारसा गुण येत नाही. मग शस्त्रक्रियेने झडप मोकळी का करू नये, असे त्यांनी सुचवले. मृतदेहांवर आणि प्राण्यांवर आपण काय करून पाहिले तेही सांगितले. हृदयाला हात लावण्याची कल्पनाच तेव्हा अघोरी वाटे. त्यांच्यावर टीकेची झोड उठली.

१९२३ मध्ये बॉस्टनला कटलर यांनी आणि १९२५ मध्ये लंडनला सूटर यांनी ही शस्त्रक्रिया करून दाखवली. तिचे फळ पाहायला ब्रंटन उरले नव्हते. १९१५ मध्ये त्यांचा एक मुलगा पहिल्या महायुद्धात मारला गेला आणि १६ सप्टेंबर १९१६ रोजी ते स्वतः गेले. ग्रामीण भागातून आजही संधिज्वराने झडप खराब झालेल्या तरुण मुली रुग्णालयांत येतात. त्यांच्या झडपा आता बहुधा फुग्याने मोकळ्या केल्या जातात.

एकशे वीस वर्षांनी कळलेले कारण

अमाइल नायट्राइट रक्तवाहिन्या सैल करते हे ब्रंटन यांनी दाखवले. ते हे कसे करते, याचे उत्तर यायला एकशे वीस वर्षे लागली. नायट्रोग्लिसरीनसारख्या औषधांतून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, हे अमेरिकेत फरीद मुराद यांनी १९७७ मध्ये दाखवले. रक्तवाहिनीचे आतले अस्तरच तिला सैल करणारा एक पदार्थ सोडते, हे रॉबर्ट फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सांगितले. तो पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइडच, हे १९८७ मध्ये लुई इग्नारो यांच्या आणि लंडनमध्ये साल्वादोर मोनकादा यांच्या गटांनी वेगवेगळे सिद्ध केले. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीर हा वायू आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनवते. त्यासाठी तीन एन्झाइम आहेत. एक मज्जापेशींत, दुसरे रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. ही दोन्ही एरवी कायम हजर असतात आणि गरजेपुरता, किंचित वायू बनवतात. त्यावर रक्तवाहिन्यांचा सैलपणा टिकतो आणि रक्ताच्या गुठळ्यांनाही आळा बसतो. तिसरे एन्झाइम एरवी बहुतेक पेशींत नसतेच. जंतू शिरले किंवा दाह पेटला की पांढऱ्या पेशी आणि इतर पेशी ते काही तासांत तयार करतात आणि मग वायू कितीतरी पटीने जास्त आणि दीर्घकाळ बनत राहतो.

यामागे हेतू आहे. या वायूने जंतू मरतात. पण वायू अती झाला की दोन संकटे येतात. एक म्हणजे साऱ्या शरीरातल्या रक्तवाहिन्या सैलावतात. सेप्टिक शॉकमध्ये रक्तदाब कोसळतो तो बऱ्याच अंशी यामुळे. दुसरे म्हणजे दाहात तयार होणाऱ्या ऑक्सिजनच्या आक्रमक रूपाशी हा वायू जोडला जातो आणि पेशींची नासधूस करणारे संयुग बनते. संधिवाताचा सांधा, दमेकऱ्याची श्वासनलिका, सुजलेले आतडे अशा ठिकाणी याच्या खुणा सापडतात.

वायू आवरण्याचे चार मार्ग

पहिला मार्ग सरळ होता. वायू बनवणारी एन्झाइमच रोखायची. सेप्टिक शॉकच्या रोग्यांसाठी तिन्ही एन्झाइमना अडवणारे औषध तयार झाले. प्राण्यांत आणि छोट्या चाचण्यांत रक्तदाब छान सावरला. मग ७९७ रोग्यांची मोठी चाचणी सुरू झाली आणि ती मध्येच थांबवावी लागली. औषध घेतलेल्यांपैकी ५९ टक्के रोगी अठ्ठावीस दिवसांत दगावले, तर औषध न घेतलेल्यांत हे प्रमाण ४९ टक्के होते. हे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रावरचा आकडा सुधारला होता, माणसे मात्र जास्त गेली होती. औषधाने दाहातल्या एन्झाइमबरोबर रक्तवाहिन्यांच्या अस्तरातले उपयोगी एन्झाइमही बंद पाडले. फुप्फुसांतला दाब वाढला, हृदयावर ताण आला आणि औषध घेतलेल्यांत हृदय व रक्ताभिसरण कोलमडून जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले. हृदयविकाराच्या झटक्यानंतर शॉकमध्ये गेलेल्यांवरही हेच औषध वापरून पाहिले. २००७ मध्ये कळले, की त्यांनाही फायदा नाही.

दुसरा मार्ग अधिक नेमका. दाहात निर्माण होणारे तिसरे एन्झाइमच तेवढे अडवायचे. अशी औषधे बनली. दम्यात उच्छ्वासातला नायट्रिक ऑक्साइड मोजता येतो. औषधाने तो झपाट्याने उतरला, पण ॲलर्जीच्या पदार्थाने आवळणारी श्वासनलिका तशीच आवळत राहिली. गुडघ्याच्या झिजेवर दोन वर्षे असे औषध देऊन पाहिले. सांध्यातली घटत चाललेली जागा त्याने राखली गेली नाही. अनेक दाहांत हा वायू आगीचा धूर असतो. धूर हटवल्याने आग विझत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे ते एन्झाइम तयारच होऊ न देणे. स्टेरॉइड औषधे हे करतात. पण ती एन्झाइम बनण्याआधी लागू पडतात. ते बनून कामाला लागल्यावर त्यांचा या बाबतीत उपयोग राहत नाही. शिवाय स्टेरॉइड केवळ या वायूवर काम करत नाहीत. दाहाच्या अनेक साखळ्या ती एकदम तोडतात. दम्याच्या पंपातल्या स्टेरॉइडने उच्छ्वासातला वायूही उतरतो आणि दमाही आटोक्यात राहतो. वायूचा आकडा दोन्ही औषधांनी उतरतो, पण रोग्याला गुण एकानेच येतो, तो यामुळे. सेप्टिक शॉकमध्ये हायड्रोकॉर्टिसोनच्या मर्यादित मात्रेने शॉक लवकर ओसरतो; जीव किती वाचतात याबद्दल मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. संधिवातात मेथोट्रेक्सेट आणि नवी जैविक औषधे दाहाच्या मुळावर घाव घालतात. वायू त्यामागोमाग कमी होतो.

चौथा मार्ग वायूला हात न लावता त्याचा निरोप अडवण्याचा. नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिनीच्या स्नायूंतल्या एका एन्झाइमला जागे करतो आणि मग स्नायू सैलावतो. मिथिलीन ब्लू हे जुने निळे औषध त्या एन्झाइमला रोखते. सेप्टिक शॉकमध्ये आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब काही केल्या सावरेना, तेव्हा काही डॉक्टर ते वापरतात. रक्तदाब वाढवणाऱ्या इतर औषधांची गरज त्यामुळे लवकर संपते, असे छोट्या चाचण्यांत दिसले. जीव वाचतात का, हे ठरायला मोठ्या चाचण्या हव्यात. तोवर ते नेहमीच्या उपचारांत बसत नाही. त्यामुळे सेप्टिक शॉकचा कणा आजही तोच आहे: वेळेवर प्रतिजैविक, शिरेतून द्रव आणि नॉरॲड्रेनॅलिन.

घरच्यांनी लक्षात ठेवावे असे

या विज्ञानातून काही साध्या गोष्टी निघतात. तापाबरोबर धाप, बरळणे, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. दाहाचे एन्झाइम काही तासांत कामाला लागते, म्हणून या आजारात तासांना किंमत आहे.

जिभेखालची गोळी बसून घ्यावी; उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून माणूस पडू शकतो. छातीतली कळ पाच मिनिटांत कमी झाली नाही तर थेट रुग्णालय गाठावे. लैंगिक दुर्बलतेवरची सिल्डेनाफिलसारखी औषधे घेणाऱ्याने ही गोळी घेऊ नये. दोन्ही नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेवर काम करतात आणि रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो. अशी औषधे घेत असल्यास डॉक्टरांना न लाजता सांगावे.

दम्याचा पंप किंवा संधिवाताची औषधे बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. नायट्रिक ऑक्साइड वाढवतात म्हणून विकल्या जाणाऱ्या आर्जिनिनच्या पावडरींपासून हृदयरोग्यांनी दूर राहावे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर आर्जिनिन देऊन पाहिलेली एक चाचणी २००६ मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण मृत्यू आर्जिनिन घेणाऱ्या गटातच झाले होते.

ब्रंटन यांनी एडिंबरात तेवीस वर्षांच्या वयात नाडीची रेघ पाहिली आणि रोग्याची कळही पाहिली, म्हणून त्यांचे औषध टिकले. हैदराबादेत त्यांच्यासमोर शेकडो रेघा होत्या, पण अर्धवट गुंगीत धडपडणारा माणूस नव्हता. एन्झाइम रोखणाऱ्या औषधांच्या बाबतीत शंभर वर्षांनी तेच पुन्हा घडले. फरक एवढाच, की या वेळी औषध बाजारात येण्याआधी मोठी चाचणी झाली आणि चूक तिथेच पकडली गेली. वर्तमानपत्रात नव्या औषधाने अमुक पदार्थ इतके टक्के घटला अशी बातमी वाचली, की पुढचा प्रश्न विचारावा: रोगी किती बरे झाले आणि किती वाचले? त्याचे उत्तर मिळेपर्यंत थांबलेले बरे.